भीती नेमकं काय चोरते?

स्पर्धांचा हंगाम जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी 'कुठली रायफल घेऊ', 'जॅकेट शिवून कुठे मिळेल' असं विचारणारी मंडळी एकाएकी 'ताई, झोप लागत नाही' वर येतात. या वेळी तर कबड्डी आणि पोहण्याचीही पत्रं आहेत. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. पस्तीसेक वर्षं नेमबाजीत गेली, त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवण्यात. रेंजवर जे पाहिलं तेवढंच सांगते. पटलं तर घ्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. दहा मीटर एअर रायफल खेळते. सरावात ६२० ते ६२२ बसतात, पण गेल्या स्पर्धेत ६०९ झाले. पहिल्या दहा शॉटमध्येच सगळं बिघडतं. छाती इतकी धडधडते की सायटमधून टार्गेट उड्या मारताना दिसतं. सर म्हणतात, 'रिलॅक्स.' पप्पा म्हणतात, 'घाबरू नकोस, आम्ही आहोत ना.' मी रोज रात्री डोळे मिटून 'मला भीती वाटत नाही' असं शंभर वेळा म्हणते. एका मैत्रिणीने ठोके कमी करणारी गोळी सुचवली आहे. घेऊ का? (स्कोअरकार्डाचा फोटो सोबत पाठवते आहे.)
*— इचलकरंजीची एक वाचक*

आधी गोळीचं बोलू. नाही. या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात आणि आपल्या खेळात त्यांच्यावर बंदी आहे. फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, बारा महिने. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग सूने पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं होतं. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं परत गेली. आणि बंदी नसती तरी ते औषध आहे, तुझ्या मैत्रिणीच्या पर्समधलं चॉकलेट नव्हे. विषय संपला.

आता रात्रीच्या जपाचं. 'मला भीती वाटत नाही' हे शंभर वेळा म्हणतेस, म्हणजे झोपण्यापूर्वी शंभर वेळा भीतीचं नाव घेतेस. ते आजपासून बंद कर. तेवढ्या वेळात भांडी घासलीस तरी आई खूश होईल.

तू कार्डाचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. बहुतेक जण फक्त बेरीज कळवतात. तुझी पहिली मालिका, म्हणजे पहिले दहा शॉट, ९७. पुढच्या पाच मालिकांची सरासरी १०२.४. सरावातल्या ६२२ला हीच सरासरी १०३.७ च्या आसपास पडते. म्हणजे तेरा गुण गेले, त्यातले निम्मे पहिल्या दहा शॉटमध्ये. उरलेल्या पन्नास शॉटमध्ये तू जवळजवळ तुझ्यासारखीच खेळलीस, आणि त्याही वेळी छाती धडधडतच असणार, कारण ती तासाभरात शांत होत नाही. मग धडधडीनं पहिल्या दहांचंच वाटोळं का केलं? याचं उत्तर धडधडीत नाही.

माझं सांगते. १९८९ साल. मी कॉलेजात होते, एनसीसीतून नेमबाजीत आलेली. राज्याची स्पर्धा होती, पॉइंट टू टू रायफल, पन्नास मीटर, पोटावर झोपून. तेव्हा कागदी टार्गेट असायची. शेवटच्या मालिकेला मी दुसऱ्या क्रमांकावर आहे असं मागे कुणीतरी कुजबुजलं आणि ते माझ्या कानावर पडलं. टार्गेट आणून मोजायला घेतली तर माझ्या कागदावर नऊ भोकं आणि शेजारणीच्या कागदावर अकरा. अकरावं माझं. दहाच्या अगदी जवळ लागलेलं, सुरेख! पण दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलेली गोळी म्हणजे आपल्या खात्यात शून्य. मी चौदावी आले.

सर रागावतील म्हणून मी बसस्टँडपर्यंत त्यांच्या मागेमागे चालले. एसटीत बसल्यावर त्यांनी वही काढली आणि म्हणाले, "त्या गोळीच्या आधी काय काय केलंस, क्रमाने सांग." मी सांगत गेले. गोळी भरली, गाल टेकवला, श्वास घेतला... "त्याच्या आधी?" मला आठवेना. सर म्हणाले, "आठवत नाही ना, तिथंच गेली ती." गोळी भरायच्या आधी टार्गेटवरचा नंबर बघायचा असतो. आपल्या लेनचा आहे ना, एवढंच. प्रत्येक वेळी बघायची मी. त्या वेळी मात्र सगळं लक्ष हात स्थिर ठेवण्यात गेलं आणि तेवढीच एक पायरी गळाली.

ही शरम मी पंधरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मग २००४ला अथेन्समध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सचं तेच झालं. पन्नास मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून मारायची) फायनल, शेवटचा एक शॉट शिल्लक, आघाडी इतकी की साधा साडेसात लागला असता तरी सुवर्ण. त्याने शॉट सोडला आणि पडद्यावर काहीच उमटेना. गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर! पहिल्यावरून थेट आठवा. नंतर त्याने सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतून उठले : स्वतःला शांत करण्याच्या नादात या वेळी लेनचा नंबर बघायचाच राहिला. जगातला सगळ्यात भारी नेमबाज आणि कोल्हापूरची मी, दोघांची तीच एक पायरी गळाली. (त्याची कहाणी इथे संपत नाही. २००८ला बीजिंगमध्ये शेवटच्या शॉटला बोट ट्रिगरला लवकर लागलं, ४.४, हातात आलेलं सुवर्ण गेलं आणि तो चौथा आला. २०१२ला लंडनमध्ये शेवटचा शॉट ७.६ आणि तरी कांस्य. तीन ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या शॉटने छळलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच लेनवर उभा राहिला, याचं मला पदकांपेक्षा जास्त वाटतं.)

तेव्हापासून मी पोरांना 'भीती घालव' असं सांगायचं सोडलं. भीती तुझा हात हलवते हे खरं, पण तेवढ्याने सहा गुण जात नाहीत. ती तुझ्या क्रमातली एक पायरी चोरते. प्रत्येकाची वेगळी. आपली कुठली ती शोधायची.

म्हणून एक काम कर. वही घे आणि एका शॉटला तू काय काय करतेस ते लिही. पाय ठेवण्यापासून ते शॉट गेल्यावर रायफल दोन क्षण तशीच धरून ठेवण्यापर्यंत. माझ्या बहुतेक पोरांचे दहा ते बारा टप्पे निघतात. मग सरावाच्या दिवशी कुणाला तरी मागे बसव आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, भरल्यापासून शॉट सुटेपर्यंतचे सेकंद मोजायला सांग. पुढच्या स्पर्धेतही तेच. माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव : पहिल्या दहा शॉटला तू घाई करतेस. धडधड सुरू झाली की माणसाला वाटतं, लवकर सोडून मोकळं व्हावं. मग दोनांपैकी एक पायरी जाते. एक तर डोळे मिटून, अंग सैल सोडून, रायफल आपसूक कुठे थांबते ते पाहायचं राहतं आणि तू हाताच्या जोराने ती टार्गेटवर ओढून धरतेस. किंवा न जमलेला शॉट सोडून देण्याऐवजी, म्हणजे रायफल खाली घेण्याऐवजी, तू तो मारून टाकतेस. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात. एका शॉटला सव्वा मिनिट. रायफल खाली घ्यायला कुणी पैसे मागत नाही. मी नवीन पोरांना सांगते, पहिल्या दहात किमान दोनदा रायफल खाली घ्यायचीच, गरज वाटो न वाटो.

आणि धडधडीचा सराव धडधडीतच करायचा. आठवड्यातून दोनदा वीस उठाबशा काढ, लगेच उभी राहा आणि दहा शॉट मार. मॉनिटरवर वर्तमानपत्र टाकून झाक. गुण बघायचे नाहीत, बारा टप्पे पुरे झाले की नाही एवढंच वहीत बरोबर-चूक करायचं. घरी ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता नुसता नेम धरायचा सराव, करताना खोलीचं दार बंद करू नकोस. कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, धाकट्या भावाला मागे नाचू दे. दोन महिन्यांत टार्गेट उड्या मारायचं थांबणार नाही, पण त्या उड्यांचं तुला काही वाटेनासं होईल.

आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये त्याच थ्री पोझिशनच्या फायनलला उभा होता तेव्हा मी टीव्हीसमोर देवाला हात जोडून बसले होते. गुडघ्यावर बसून मारायची फेरी संपली तेव्हा तो सहावा. शेवटी ४५१.४ आणि कांस्य. जमलं तर ती फायनल पुन्हा लाव आणि आवाज बंद करून फक्त त्याच्याकडे बघ. पुढे असताना आणि मागे असताना, दोन शॉटमधल्या हालचालींत काही फरक सापडला तर मला लिहून पाठव. मला सापडला नाही.

'रिलॅक्स' म्हणणाऱ्या तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. सांगून कुणी रिलॅक्स झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण माणूस चांगला असणार. पप्पांना मात्र प्रेक्षकांत जरा मागच्या रांगेत बसव.

प्रश्न : मी कबड्डीत चढाई करतो. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशनला दहा महिने झाले. फिजिओ म्हणतात, 'ठीक आहे, खेळ.' पण बोनस रेषेकडे पाय टाकायची वेळ आली की कोपऱ्यातला गडी नुसता हलला तरी मी मागे येतो. तीस सेकंद काढतो आणि रिकामा परततो. संघातली पोरं हसतात. मी भित्रा झालोय का?
*— तासगावचा एक खेळाडू*

नाही झालास. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोयस. त्यात हसण्यासारखं काही नाही आणि हसणाऱ्यांपैकी एखाद्याचा गुडघा गेला की त्यालाही कळेल.

कबड्डी मी फक्त पाहिली आहे, म्हणून तुझं पत्र सांगलीकडे बरीच वर्षं संघ घडवलेल्या एका मित्राला वाचून दाखवलं. त्याने एकच प्रश्न विचारला : "चढाईत हा वजन कुठल्या पायावर ठेवतो?" तू लिहिलेलं नाहीस, पण तो म्हणाला, गुडघ्यातून परत आलेले दहापैकी आठ जण सगळं वजन चांगल्या पायावर टाकून खेळतात. दुखऱ्या पायाने फक्त जमीन चाचपतात. मग दिशा बदलायला एकच पाय उरतो, पळायची एकच बाजू उरते आणि पकडणाऱ्याला ती दुसऱ्या चढाईतच कळते. म्हणजे ज्या भीतीपोटी तू जपून खेळतोस, तीच तुला पकडीत नेते. तुझ्या क्रमातून चोरीला गेलेली पायरी ही : उजव्या पायावर पूर्ण भार.

मनाच्या आधी पायाची खात्री कर. फिजिओच्या 'ठीक आहे' वर थांबू नकोस. एका पायावर उडी मारून अंतर मोज, आधी डावा, मग उजवा. दोघांत किती फरक पडतो ते त्यांना मोजून सांगायला लाव. फरक मोठा असेल तर तुझी भीती खरं बोलते आहे आणि तुला मैदानात नव्हे, व्यायामशाळेत जायला हवं. निम्म्या जणांचं दुखणं इथंच निघतं, आणि ते उगाच मनाला दोष देत बसतात.

पाय भक्कम निघाला तर मित्राने सांगितलेला क्रम असा. आधी समोर कुणीच नको. रिकाम्या मैदानात चढाई कर, बोनस रेषेवर उजवा पाय टाक, पूर्ण भार दे, परत ये. तोंडाने कबड्डी कबड्डी चालूच हवं, कारण दम धरलेलं अंग वेगळं वागतं. चार दिवस एवढंच. मग कोपऱ्यात एकच गडी, विश्वासातला, आणि त्याने फक्त डावा घोटा धरायचा असं ठरवून. मग तोच गडी, कुठलाही घोटा, पण चालण्याच्या वेगाने. मग धावत. मग दोन गडी. ज्या दिवशी अंग मागे येईल त्या दिवशी एक पायरी खाली उतरायचं, घरी जायचं नाही. त्याने हे तीनदा बजावलं. माघार घेऊन मैदान सोडलं की भीतीला वाटतं, आपण जिंकलो, आणि उद्या ती आणखी चार मित्र घेऊन येते.

सामन्यात परत उतरशील तेव्हा पहिल्या चढाईत गुण आणायचा नाही असं आधीच ठरव आणि कर्णधाराला सांगून टाक. पहिल्या चढाईचं काम एकच, उजवा पाय टेकवून येणं.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पोहायला चांगला आहे, पण खोल भागात आणि ब्लॉकवरून (शर्यत सुरू करायच्या चौथऱ्यावरून) सूर मारायला घाबरतो. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहेत. शिकवणारे सर म्हणतात, एकदा ढकलून दिलं की भीती मोडते. अभिनव बिंद्राही ऑलिम्पिकच्या आधी भीती घालवण्यासाठी उंच खांबावर चढला होता असं वाचलं. ढकलू द्यावं का?
*— एक वडील, पुणे*

अजिबात नको. बिंद्रा चढला होता हे खरं. बीजिंगला जाण्यापूर्वी जर्मनीत, चाळीस फुटी खांबावर. अर्ध्यात पोचल्यावर त्याला उतरावंसं वाटलं आणि तरी तो वर गेला. पण दादा, तो पंचवीस वर्षांचा होता आणि स्वतःच्या पायांनी चढला. खालून कुणी काठी टोचत नव्हतं. बीजिंगच्या फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी तो आणि फिनलंडचा हॅकिनन बरोबरीत होते, तिथे त्याने १०.८ मारला. तो १०.८ खांबाने दिला की रोजच्या हजारो शॉटनी, यावर वाद घालता येईल. मी शॉटच्या बाजूने.

ढकलण्याचं म्हणाल तर मला काकांनी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत टाकलं होतं. मी शिकले. माझ्या धाकट्या बहिणीलाही त्याच दिवशी, त्याच विहिरीत टाकलं. ती आता पन्नाशीला आली, अजून पंचगंगेच्या घाटावर पाय ओले करून मागे फिरते. आमच्या घरात गोष्ट मात्र माझीच सांगतात.

मुलगा खोल पाण्यात तोंड बुडाल्यावर श्वास सोडतो का ते बघा. घाबरलेली मुलं छातीत हवा कोंडून धरतात आणि वर येऊन धापा टाकतात. उथळ भागात, कठड्याला धरून, पाण्याखाली बुडबुडे काढायचा खेळ आठवडाभर खेळू द्या. सूर आधी कठड्यावर बसून, मग एक गुडघा टेकवून, मग उभं राहून, ब्लॉक सगळ्यात शेवटी. यंदाची जिल्हा स्पर्धा हुकली तर हुकली. नऊ वर्षांचा आहे तो.

प्रश्न : तुम्हाला अजून भीती वाटते का?
*— सातवीतला एक वाचक, गडहिंग्लज*

वाटते की! गेल्या हिवाळ्यात मी बऱ्याच वर्षांनी स्पर्धेत उतरले, मोठ्या वयाच्या गटात. मागच्या बाकावर माझीच शिकवलेली पाच पोरं बसली होती, मोबाइल रोखून. मला बाई वाटलं, आता रायफल हातातून पडणार. तोंड कोरडं पडलं, डावा गुडघा लटपटायला लागला. हा गुडघा माझा जुना सोबती आहे, १९८९पासूनचा. मी त्याला म्हटलं, तू लटपट, मी नंबर बघते.

लेन अकरा. बघितला. गोळी भरायच्या आधी साठही वेळा बघितला. अठ्ठाविसाव्या शॉटला शॉट गेल्यावर रायफल धरून ठेवायची पायरी मात्र गळाली, कारण गोळी कुठे लागली ते बघायची घाई झाली. ८.७. एका पोराने मागून 'अरेरे' केलं ते मला ऐकू गेलं. वहीत त्या शॉटपुढे फुली मारली, पाणी प्याले आणि एकोणतिसावी भरली.